मारुतीच्या उजव्या हाताला साठ पावलं

चतुराबाईची पाणी पाजायची रीत अशी, की ओंजळीत धार पडायची पण थेंब बाहेर उडायचा नाही. तांब्या कानापर्यंत वर न्यायचा, मनगट जरासं कलतं करायचं, आणि धार अशी सरळ यायची की पिणाऱ्या पोराला वाटावं आपण दोरीच गिळून राह्यलो. पोर पोटभर प्यालं की ती विचारायची, "भागली का?" पोरानं मान हलवली तरी आणखी एक घोट ओतायचीच. म्हणायची, "आसू दे. पुढल्या तहानंला."

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्याच्या त्या हायस्कुलात सगळं शिकवणं उर्दूत. घरी मराठी बोलणारी पोरं दाराशी पायताणासंगं मराठीही काढून ठेवायची आणि सुट्टी झाली की दोन्ही पायात अडकवून पळायची. व्हरांड्यात दोन रांजण होते, एक हिंदू पोरांचा, एक मुसलमान पोरांचा. चतुराबाई दोन्ही भरायची एकाच आडातून आणि एकाच घागरीनं. कुणी काही बोललंच तर म्हणायची, "पाण्याला काय ठाव, आपुन कोन्त्या रांजणात चाललो ते."

दोन रांजणांच्या मध्ये भिंतीला पाठ लावून ती बसायची. तिच्या डोक्यावर नववीच्या वर्गाची खिडकी. त्या खिडकीखाली तिनं दहा वर्षं काढली होती. उर्दू तिला येत नव्हतं, पण कैरी मिठात मुरते तसा माणसाचा कानही मुरतो. लतीफ मास्तरांचा हिसाबाचा तास असला की ती वाती वळता वळता अर्धी जागी, अर्धी झोपेत ऐकत राहायची. खिडकीतून खडूची पांढरी धूळ उन्हात तरंगत यायची, तिच्या केसांवर बसायची, आणि आकडे त्या धुळीसारखेच तिच्या अंगावरून खाली उतरायचे. एकही टोचायचा नाही.

त्या माघात मात्र एक टोचला.

लतीफ मास्तर सडसडीत अंगाचे, शेरवानीच्या डाव्या बाहीला कायम खडू लागलेला. त्यांनी भोकरदनच्या धर्मराजला उभं केलं. धर्मराज वर्गात सगळ्यांत बुटका.

"धर्मराज, साठ कदम चल."

धर्मराज बाकाबाहेर आला आणि घुटमळला. "किधर कू, मास्तरसाब?"

वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. "शाबास! सारे येडे हसते, एक धर्मराज पुछता. साठ, ही झाली मिक़दार. किधर, ही झाली सिम्त. एकीच्या बगैर दुसरी लंगडी."

मग ते त्यांच्या सवयीप्रमाणे उर्दूतून मराठीत उतरले. दोन शेर ज्वारीला तोंड नसतं, म्हणाले. कुठंही ठेवा, दोन शेरच. पण चालण्याला तोंड असतं, वाऱ्याला असतं, मोटेच्या बैलाच्या ओढीला असतं. किती, हे सांगून भागत नाही; कुठं, तेही सांगावं लागतं. अशा तोंड असलेल्या मापाला आताच्या पुस्तकात सदिश म्हणतात. चतुराबाईनं खिडकीखाली बसल्या बसल्या त्याला स्वतःपुरतं नाव ठेवून टाकलं: रोखाचं पाऊल.

पण 'साठ कदम' कानावर पडलं तेव्हा तिच्या हातातला तांब्या हलला होता. ओंजळ धरून उभ्या असलेल्या पोराच्या पायावर पाणी सांडलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

चतुराबाई मूळची अंबड तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावची सून. मानमोडीची साथ आली तेव्हा ती ऐन विशीत होती. नवरा भुजंग त्याच्या आदल्या साली गेल्ता. घरात ती, सासू गोजरबाई आणि अडीच वर्षांची सगुणा. साथीनं गाव असं झोपवलं की भाकरीच्या वेळेला एकाही घरातून धूर निघेना. चतुराबाई तापात बरळत पडली होती, आणि त्याच तापात सगुणा गेली. शेवटचा शब्द बोलली तो "पानी". चतुराबाईला ऐकू आला. पण हात उचलून तांब्या धरायचं बळ अंगात नव्हतं.

पुरायला गडीमाणूस कुणी उभं नव्हतं. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. गोजरबाईनं एका खांद्यावर नात घेतली, दुसऱ्या खांद्यावर कुदळ, आणि एकटी गेली. परत आल्यावर सुनेच्या कानाशी वाकून तिनं जागा सांगितली:

"नीट ध्यानात ठिव. मारुतीच्या उजव्या हाताला साठ पावलं. मंग त्यो बघतो तिकडं ऐंशी. उशाला धोंडा ठिवलाय."

आठव्या दिवशी गोजरबाईही गेली. ओढ्याच्या पुरानं कधीतरी तो धोंडा नेला. उरलं ते एवढं वाक्य. जालन्याला भावाच्या आसऱ्यानं येऊन पाण्याच्या कामाला लागलेल्या चतुराबाईनं ते चौदा वर्षं देवाच्या नावासारखं घोकलं होतं.

दरसाल आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ती गावी जायची. परतूरपर्यंत आगगाडी, पुढं मिळेल ती बैलगाडी. आखितीला गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची केळी, म्हणजे लहानसा घडा, पाण्यानं भरून ठेवतात. गावच्या बाया म्हणायच्या, "येवढ्याशा लेकराची कसली केळी भरतीस? ते काय पितर हाय का?" चतुराबाई म्हणायची, "पितर नसंना का. तहान तर हाय."

पण पाणी घालायचं कुठं? मारुतीच्या पाराला लागून कडूबा कुंभाराचं घर. पाराच्या मावळतीला वीसेक पावलांवर त्याची भट्टी, आणि भट्टीच्या पुढं फुटक्या मडक्यांचा ढिगारा. सालोसाल तो असा पसरला होता की साठावं पाऊल नेमकं त्याच्या पोटात जायचं. चतुराबाई ढिगाऱ्याला वळसा घालायची, वळशाची पावलं कधी धरायची, कधी सोडायची, आणि मारुती दिसेनासा झाला की ओढ्याकडं तोंड करून ऐंशी मोजायची. दरसाल निराळ्याच जागी जाऊन उभी राहायची.

कडूबा चाकावरून ओरडायचा, "वैनी, गेल्या सालाला तुम्ही पाणी घातलं ना, तिथं आमची गाढवी लोळली! यंदा कुठं बेत हाय?"

"भावजी, तुमच्या खापरांनी माझी वाट अडीवली, न् वर हसता?"

"आता खापर माझ्यावर फोडू नका. हायेत तेवढी पुरं झाली."

ती हसायची. पण परतीच्या गाडीत तिला वाटत राहायचं, सगळ्या शाळेची तहान भागवून राह्यलो आपण, आणि एक लेकरू चौदा वर्षं ओंजळ धरून उभं आहे. धार पडते, पण दुसरीकडंच कुठंतरी.

फाल्गुनात मास्तरांनी पोरांना अंगणात चालायला लावलं. धर्मराज दहा कदम उगवतीला गेला, दहा दक्षिणेला, दहा मावळतीला, दहा उत्तरेला, आणि होता तिथंच येऊन उभा राहिला, घाम पुसत.

"चालीस कदम चल्या," मास्तर म्हणाले. "हाती क्या लगा?"

रांजणांच्या मधून आवाज आला, "फिरून फिरून भोपळा चौकात!"

पोरांनी माना वळवल्या. पाणीवाली बाई तासात बोलली होती. चतुराबाईनं पदर तोंडावर ओढला. मास्तर मात्र हळूहळू फुलत गेले. "क्या बोले, चतुराबाई? फिर बोलो." आणि मग पोरांना, "लिखो! सिफ़र म्हंजे भोपळा. बाईनं एका बात में सबक खतम केला."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते रांजणापाशी थांबले. चतुराबाईनं घागर खाली ठेवली. चौदा वर्षं घोकलेलं वाक्य पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला सांगितलं. लेक, ताप, सासू, खापरांचा ढीग, सगळं. शेवटी म्हणाली, "मास्तरसाब, तुमच्या हिसाबात लेकरू सापडंल का?"

मास्तर पायरीवर बसले. काडीनं धुळीत रेघ काढली. "हे बघा. पहले उजव्या हाताला साठ, फिर नजरेच्या रोखानं ऐंशी. उलटं करा. पहले ऐंशी, फिर साठ. कुठं पोचता?"

चतुराबाईनं दोन्ही वाटा बोटानं चालून पाहिल्या. धुळीत एक चौकोन झाला. समोरच्या कोपऱ्यावर तिचं बोट दोन्ही वेळा एकाच खड्ड्यात टेकलं. "एकाच जागी," ती कुजबुजली. मग घाबरून म्हणाली, "पण मास्तरसाब, तिकडून मारुती दिसत न्हाई. त्यो कुठं बघतो, मला काय कळंल?"

"मारुती दिसत न्हाई म्हणून त्याची नजर फिरते का? ती पारावर जिकडं, ढिगाऱ्यामागंबी तिकडंच. रोख म्हंजे रोख. उचलून कुठंबी ठेवा, तोंड बदलत न्हाई. तुम्ही ओढ्याकडं वळत होता. ओढा वाकडा असतो, बाई. तुमचा मारुती सीधा आहे."

हे ऐकून तिला अंगातून काहीतरी हलकं होऊन निघून गेल्यासारखं वाटलं. ती उठली आणि त्या रिकाम्या अंगणात चालून बघू लागली, आधी नजरेच्या रोखानं, मग उजव्या हाताला, लांब लांब ढांगा टाकत. ती चांगली उंच होती, मळ्याच्या पांदीनं चालायची सवय असलेली. मास्तर बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"चतुराबाई, कदम किसके? तुमचे, का सासूचे?"

ती थांबली. गोजरबाई तिच्या खांद्याला लागायची. कमरेत वाकलेली, संधिवातानं पाय ओढत चालणारी. त्यात खांद्यावर लेकरू आणि कुदळ. तिची साठ म्हणजे हिची किती? चाळीस? तीस? आता विचारायचं कुणाला?

"मंग समदं फुकटच," चतुराबाई म्हणाली. घागर उचलली, ती रिकामी होती हे तिला घरी जाईपर्यंत कळलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मास्तर वर्गात बोलता बोलता थांबायचे. खडू हातात, नजर खिडकीबाहेर, जिथून फक्त रांजणांचे काठ आणि एका बाईचं डोकं दिसायचं. चतुराबाई पाणी पाजत होती, पण "भागली का" विचारायची राहून जात होती.

मग एका सकाळी त्यांनी सगळा वर्ग अंगणात आणला. एका जागी चुन्यानं ठिपका केला. "एकेकानं यायचं. ह्या ठिपक्यापासून उजव्या हाताला तीन कदम, फिर समोर चार. आपले कदम. कुणी लांब टाकायचे न्हाई, कुणी छोटे करायचे न्हाई. जिथं पोचाल तिथं उभे रहा."

पहिला गेला तो ताडासारखा उंच बद्रीनाथ. मग गयासोद्दीन, मग दुसरे आठ-दहा, शेवटी धर्मराज. पोरं हसत होती, एकमेकाला ढोसत होती. खाली बसलेल्या चतुराबाईनं मान वर केली आणि वातीचा कापूस तिच्या हातातून सुटला.

पोरं एका ओळीत उभी होती. कुणी लावलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. चुन्याच्या ठिपक्यापासून एक सरळ रेघ निघाली होती आणि तिच्यावर पोरं उभी होती, पाणी प्यायला रांजणाशी उभी राहतात तशी. धर्मराज सगळ्यांत अलीकडं, बद्रीनाथ सगळ्यांत पल्याड, बाकीचे मधे. सकाळचं ऊन त्या ओळीवर तिरपं पडलं होतं, आणि क्षणभर चतुराबाईला वाटलं, त्या ओळीत धर्मराजच्या नि बद्रीनाथच्या मधे कुणीतरी आणखी उभं आहे. अडीच वर्षांचं. ओंजळ धरून.

मास्तर पोरांकडं बघून म्हणाले, "कदम छोटा-बडा हो, रोख एकच. फक्त कोण जवळ, कोण दूर." हे ते बोलले पोरांना. पण आवाज रांजणांकडं वळवला होता.

सुट्टीत ती पाणी द्यायला गेली तेव्हा मास्तरांनी ओंजळ मागं घेऊन हळूच सांगितलं, "तीन-चार, सहा-आठ, साठ-ऐंशी, सारे एकाच रेघेवर. ढिगाऱ्यापर्यंत जायचीच गरज न्हाई. पारापाशी सहा आणि आठ टाका, तिथं काडी रोवा. पाराचा कोपरा आणि काडी, दोन्ही जुळवून सीधे चालत रहा. साठ-ऐंशीची तिरपी वाट शंभराची, म्हणून तुमच्या शंभर कदमांवर ती जागा, जर सासू तुमच्याएवढी चालत असंल तर. न्हाई तर त्याच्या अलीकडं. पण रेघेच्या बाहेर बिलकुल न्हाई."

"माझ्या निम्म्या पावलाच्या आत सासूचं पाऊल नव्हतं," चतुराबाई म्हणाली. "इतकीबी बारकी नव्हती."

"मंग पन्नास ते शंभर. त्याच्या मधे कुठंतरी आहे."

"कुठंतरी," ती म्हणाली. मग विचारलं, "भागली का?" आणि आणखी एक घोट ओतला.

आखितीला ती पिंपळगावात उतरली तेव्हा ऊन पारावर चढलं होतं. रानं रिकामी, ओढा कोरडा, नुसती वाळू चमकत होती. कडूबा चाकापाशीच होता. त्यानं रिवाजाप्रमाणं लहान केळी पुढं केली.

"न्हाई भावजी, यंदा हिनं न्हाई भागायचं. मोठं काहीतरी द्या. न् गळकं द्या."

कडूबाचं चाक थांबलं. "गळकं? वैनी, उन्हानं डोकं फिरलं का? पाण्याला गळकं मडकं मागणारं गिऱ्हाईक मी आजवर पाह्यलं न्हाई."

तिनं त्याला सगळं सांगितलं. ढीग, रोख, ओळीत उभी राहिलेली पोरं. कडूबानं मधे एकही टोमणा मारला नाही. उठला, भट्टीमागून एक घागर घेऊन आला. चांगली भाजलेली, बुडाच्या वर बारीक छिद्र. "खडा ऱ्हायला व्हता मातीत. भाजताना फुटून गेला. तीन साल झाले, कुणी घेत न्हाई हिला." त्यानं ती फुंकर मारून पुसली. "हिच्या नशिबात हे व्हतं म्हणायचं."

पारापाशी उभं राहून चतुराबाईनं मारुतीच्या उजव्या हाताला सहा पावलं टाकली, मग तो बघतो तिकडं आठ. कडूबानं तिथं काडी रोवली, परत येऊन पाराच्या कोपऱ्याशी बसला आणि एक डोळा मिटला, चाकावर मडक्याचा काठ सरळ आहे का बघताना मिटतो तसा.

"चला वैनी. मी रोख धरतो."

भरलेली घागर तिच्या कमरेवर, छिद्रावर बोट. पाराच्या कोपऱ्यापासून ती चालली. मागून आवाज येत होता, "उजवीकडं सरकल्या... आता बराबर... चला." ढिगारा बाजूला राहिला, उन्हात खापरं लालभडक. चौदा वर्षं ती ज्या जागी वळसे घालत होती ती जागा आता तिच्या खांद्याशेजारून निघून गेली, वाटेवरच्या दुसऱ्या कुणाच्या घरासारखी. ती तोंडातल्या तोंडात मोजत होती. एकोणपन्नास. पन्नास.

तिनं बोट काढलं.

बारीक धार निघाली, दोरीसारखी सरळ. कोरड्या मातीवर काळी रेघ उमटत गेली. ती हळूहळू चालत होती. इतकी हळू, की कुठंही कुणी मधेच ओंजळ धरली तर रिकामी राहू नये. साठ. सत्तर. कुठल्या पावलाखाली, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक करून घ्यायचंही राहिलं नव्हतं. मागं पाराशी कडूबा एक डोळा मिटून बसला होता. रोख सुटत नव्हता. नव्वद. मागची रेघ वाळत होती, पुढची ओली होत होती, आणि दोन्हींच्या मधे ती होती, तापातून उठून तांब्या उचलल्यासारखी.

शंभर.

घागरीत तळाशी थोडं पाणी होतं. कडूबा लांबून ओरडला, "झाले वैनी शंभर! बास!"

चतुराबाईनं छिद्रावर बोट ठेवलं नाही. आणखी चार पावलं चालली, धार तुटेपर्यंत.

"आसू दे," ती मातीला म्हणाली. "पुढल्या तहानंला."